डोळ्यांची साक्ष आणि रोग्याची कहाणी

मराठी भाषेने डोळ्यांना जितकी क्रियापदे दिली आहेत तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या अवयवाच्या वाट्याला आली असतील. डोळे येतात, डोळे जातात, डोळे लागतात, फिरतात, पांढरे होतात, दिपतात, निवतात आणि अखेरीस मिटतात. यांतील बरीच क्रियापदे ही मुळात रोगाची किंवा शरीराच्या अवस्थेची वर्णने आहेत. आपण त्यांना वाक्प्रचार म्हणून शिकवतो आणि त्यांच्यामागे कोणीतरी कोणाच्या तरी डोळ्यांकडे निरखून पाहिले होते, हे विसरून जातो. शरीराच्या आत काय चालले आहे ते डोळ्यांवरून ओळखावे, ही समजूत वैद्यकाइतकीच जुनी आहे. वाग्भटाने रोगपरीक्षेचे तीन मार्ग सांगितले : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पुढे ‘योगरत्नाकरा’त आठ स्थानांची परीक्षा आली, तीत नाडी, मूत्र, मल, जिव्हा यांच्याबरोबर ‘दृक्’ म्हणजे डोळे आहेत, आणि विशेष म्हणजे ‘शब्द’ही आहे. रोग्याचे डोळे पाहावेत आणि त्याचा आवाज ऐकावा, या दोन गोष्टी तेथे एकाच यादीत शेजारी बसल्या आहेत.

प्रस्तुत लेखात आम्हांला या दोन गोष्टींच्या संबंधाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांतील इतिहास पाहावयाचा आहे. मेंदूचे आणि चयापचयाचे विकार डोळ्यांत कसे उमटतात, हे ज्या संशोधनाने दाखवले त्याची कथा बहुधा यंत्रांची कथा म्हणून सांगितली जाते. आधी एक भिंग आले, मग दिवा, मग कॅमेरा, मग संगणक. ही मांडणी खोटी नाही. पण अपुरी आहे. महाराष्ट्रात, मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत, या विषयात जे मोलाचे काम झाले ते या मांडणीत नीट मावत नाही. आम्ही मराठी साहित्याचे अध्यापक आहोत, वैद्यकाचे नव्हे; तरीही हा विषय आमच्या कक्षेबाहेरचा आहे असे आम्हांस वाटत नाही. डॉक्टर मंडळी ज्याला ‘हिस्टरी घेणे’ म्हणतात ती अखेर एका माणसाने दुसऱ्याला सांगितलेली हकीकतच असते, आणि हकीकत म्हटली की ती आमच्याही अभ्यासाचा विषय ठरते.

आरंभ अर्थातच यंत्रापासून करावा लागतो. 1850च्या अखेरीस हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ पाहता येईल असे साधन तयार केले आणि 1851मध्ये त्यावरील पुस्तिका प्रसिद्ध केली. तोपर्यंत डोळ्याची बाहुली म्हणजे एक काळे छिद्र होते. ती काळी का दिसते, हेच मुळात कोडे होते. हेल्महोल्ट्झने ओळखले की बाहुलीतून आत गेलेला प्रकाश आल्या वाटेनेच परत फिरतो. तो पाहायचा तर पाहणाऱ्याने नेमके प्रकाशाच्या वाटेवरच उभे राहिले पाहिजे, आणि तसे केले की त्याचेच डोके प्रकाश अडवते. तिरप्या काचेने त्याने हा पेच सोडवला. पाहणाऱ्याचा डोळा आणि दिव्याचा किरण एका रेषेत आले, आणि काळ्या छिद्रामागे तांबूस पडदा, त्यावर पसरलेल्या रक्तवाहिन्या आणि दृष्टिमज्जेचे फिकट बिंब दिसू लागले.

या शोधाचे महत्त्व डोळ्यांच्या रोगांपुरते नव्हते. गर्भावस्थेत डोळ्याचा आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, मेंदूच्याच अग्रभागातून फुटून पुढे येतो. दृष्टिमज्जा ही हातापायांतल्या नसांसारखी नस नसून मेंदूचाच लांबवलेला भाग आहे. मेंदूला गुंडाळणारी आवरणे तिच्याभोवतीही असतात. त्यामुळे कवटीतला दाब वाढला की तो या आवरणांतून डोळ्यामागे पोहोचतो आणि दृष्टिमज्जेचे बिंब सुजते. 1860मध्ये आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी मेंदूत गाठ असलेल्या रोग्यांच्या डोळ्यांतली ही सूज वर्णिली. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा पस्तीस वर्षे अवकाश होता. कवटी न उघडता कवटीतली घडामोड कळण्याची ती पहिली खात्रीची वाट होती. 1871मध्ये इंग्लंडात क्लिफर्ड ऑलबट यांनी मज्जासंस्था आणि मूत्रपिंड यांच्या विकारांत या यंत्राचा उपयोग सांगणारा ग्रंथ लिहिला, तर 1879मध्ये विल्यम गॉवर्स यांनी चित्रांसह मोठी पुस्तिका काढली. शरीरातील जिवंत रक्तवाहिन्या कातडी न कापता उघड्या दिसाव्यात अशी ही एकमेव जागा आहे. मूत्रपिंडाचा रोग, रक्तदाब, मधुमेह यांच्या खुणा तेथे सापडू लागल्या, त्या यामुळेच.

येथे एक गोष्ट घडली. डोळा हा तोवर पाहणारा अवयव होता. आता तो पाहिला जाणारा झाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रोग्याला ज्याची जाणीवही नाही असे काही त्याच्या डोळ्यांत वाचता येऊ लागले. ‘दर्शन’ इतके समर्थ झाले की ‘प्रश्न’ मागे पडेल की काय, असे वाटू लागले.

आता बाहुलीकडे वळू. मराठीत डोळ्यातील काळ्या छिद्राला बाहुली म्हणतात, कारण समोरच्याच्या डोळ्यांत आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते. लॅटिनमधील ‘प्यूपिला’ या शब्दाचाही अर्थ छोटी बाहुलीच आहे. एकमेकींपासून दूर असलेल्या दोन भाषांना एकच कल्पना सुचली. 1869मध्ये एडिंबरोचे डग्लस आर्गाइल रॉबर्टसन यांनी मज्जारज्जूचा विकार असलेल्या काही रोग्यांच्या बाहुल्यांचे एक विचित्र वर्तन नोंदवले. जवळची वस्तू पाहताना ती बाहुली आकसते. पण डोळ्यांवर प्रकाश टाकला तर मात्र आकसत नाही. पुढच्या काळात हे उमजले की या बाहुलीमागे बहुतांशी उपदंश, म्हणजे लोकभाषेतली गरमी, असते. कित्येक वर्षांपूर्वी झालेला आणि रोग्याने लपवलेला किंवा विसरलेला संसर्ग मज्जासंस्थेत उतरलेला असतो. 1913मध्ये नोगुची आणि मूर यांनी अशा रोग्यांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू प्रत्यक्ष दाखवले. तोंडाने न सांगितलेली गोष्ट बाहुली सांगून टाकते, असा हा प्रकार. त्यामुळे या खुणेला वैद्यकात वैज्ञानिक मोलाबरोबर एक नैतिक सावलीही चिकटली. रोग्याचे शब्द अविश्वसनीय आणि डोळे विश्वसनीय, अशी विभागणी तेथे रुजली.

ही बाहुली दवाखान्यांतून हळूहळू दिसेनाशी झाली, याचे कारण पेनिसिलिन. आणि या कारणाचा एक धागा थेट आमच्या परिसराशी येऊन जुळतो. पिंपळे गुरव हे पवनेच्या काठचे गाव. नदीपलीकडे पिंपरीत 1954मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य त्याला होते. पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. आजही जुनी माणसे त्याला ‘एच. ए. कंपनी’ म्हणतात. पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास लिहिताना मोटारींच्या कारखान्यांचा उल्लेख आधी होतो. पण या पट्ट्याच्या उद्योगाच्या मुळाशी औषधाची कुपी आहे, हे विसरता कामा नये. देशातील असंख्य रोग्यांच्या बाहुल्यांनी प्रकाशाला दाद देणे थांबवू नये, यासाठी लागणारे द्रव्य पवनेपलीकडे तयार होत होते. कारखान्यातल्या कामगाराला आर्गाइल रॉबर्टसन हे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते. इतिहासातील कार्यकारणभाव बहुधा असाच, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांमधून वाहत असतो.

पेनिसिलिनची गोष्ट येथेच संपत नाही. 1902मध्ये बर्नहार्ड कायझर आणि 1903मध्ये ब्रूनो फ्लायशर या जर्मन नेत्रवैद्यांनी काही मज्जाविकारग्रस्त रोग्यांच्या डोळ्यांत, कॉर्नियाच्या कडेला, हिरवट-तपकिरी कडे पाहिले. 1912मध्ये लंडनमध्ये सॅम्युअल अलेक्झांडर किनियर विल्सन यांनी तरुण वयात सुरू होणारा, हातपाय थरथरवणारा, बोलणे जड करणारा आणि त्याचबरोबर यकृत निकामी करणारा एक आनुवंशिक रोग वर्णिला. ते कडे आणि हा रोग एकच आहेत, हे पुढे स्पष्ट झाले. कारण होते तांबे. शरीर अन्नातले जादा तांबे बाहेर टाकू शकत नाही. ते यकृतात साचते, मग मेंदूत, आणि तेच डोळ्यांत कड्याच्या रूपाने दिसते. चयापचयाचा विकार, मेंदूचा विकार आणि डोळ्यातली खूण या तिन्ही गोष्टी एकाच धातूने बांधल्या गेल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नसेल. 1956मध्ये जॉन वॉल्श यांनी या रोगावर पेनिसिलामाइन हे औषध सुचवले. ते पेनिसिलिनच्याच विघटनातून मिळणारे द्रव्य. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढते. उपचार लागू पडला की ते कडेही हळूहळू फिकट होते.

तांब्याचा विषय निघाला की पुण्याचे नाव घेणे भाग आहे. भारतात विसाव्या शतकात लहान मुलांचे यकृत कडक करून टाकणारा एक घातक रोग आढळत असे. एक-दोन वर्षांची मुले त्यात दगावत. या मुलांच्या यकृतातही तांब्याचे प्रमाण अफाट असे. मात्र विल्सनच्या रोगातले ते कडे त्यांच्या डोळ्यांत सहसा नसे. म्हणजे येथे डोळ्यांनी साक्ष दिली नाही. मग साक्ष कोणाची घ्यायची? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी स्टुअर्ट टॅनर यांनी घरांतून चौकशी केली : बाळाला वरचे दूध कधीपासून दिले, ते कशात तापवले, कशात ठेवले? 1983मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने सुचवले की कोवळ्या वयात पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांतले दूध पोटात जाणे हे या रोगाचे कारण असू शकते. आजारी आणि निरोगी मुलांच्या आहाराच्या हकिकती शेजारी ठेवून केलेला त्यांचा पुढचा अभ्यास 1987मध्ये आला. पेनिसिलामाइनच्या चाचण्याही याच गटाने केल्या.

मराठी घरातल्या पितळी पातेल्याला कल्हई का लावायची, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. आंबट पदार्थ कळकतो, एवढे कारण त्यांना पुरे होते. दूध मात्र आंबट नसते, म्हणून त्याच्याबाबत तितकी सावधगिरी सर्वत्र पाळली जात नसावी, असा तर्क करता येतो. कल्हईवाल्याची हाक गल्लीतून नाहीशी झाली, स्टीलची भांडी आली, आणि तो रोगही अतिशय विरळ झाला. आम्हांला येथे महत्त्वाचे वाटते ते असे की या संशोधनाचे प्रमुख साधन प्रश्न हे होते, आणि उत्तरे देणाऱ्या स्त्रिया स्वयंपाकघरात राबणाऱ्या होत्या. त्यांची नावे कोणत्याही निबंधात नाहीत. त्यांची स्मृती मात्र त्या निबंधाचा पुरावा आहे.

आता मुंबईकडे येऊ. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय यांची स्थापना 1845ची. म्हणजे हेल्महोल्ट्झच्या यंत्रापेक्षा ही संस्था जुनी. तेथे 1957पासून डॉ. नोशीर वाडिया यांनी मेंदुविकारांचा विभाग उभा केला. 1971मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात वाडिया आणि आर. के. स्वामी यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात नऊ भारतीय कुटुंबे होती. या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या लहान मेंदूचा ऱ्हास होत होता : चाल डगमगे, हात नेमकेपणाने पोहोचत नसे, बोलणे तुटक होई. असे आनुवंशिक विकार तेव्हाही नवे नव्हते. नवे होते ते त्यांच्या डोळ्यांचे वर्तन. निरोगी माणसाची नजर एका बिंदूवरून दुसऱ्यावर झेप घेते. तिचा वेग सेकंदाला शेकडो अंशांपर्यंत जातो. या माणसांची नजर झेपावत नसे. ती संथपणे सरकत जाई.

या झेपेला वैद्यकात ‘सॅकेड’ म्हणतात, आणि या संज्ञेचा पूर्वेतिहास आमच्या वाचकांना रोचक वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एमिल जावाल आणि त्यांचे सहकारी वाचनक्रियेचा अभ्यास करत होते. ओळ वाचताना डोळा सरळ घरंगळत जात असेल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो थांबतो आणि उडी मारतो, पुन्हा थांबतो आणि पुन्हा उडी मारतो. वाचन ही अशा उड्यांची मालिका आहे. अर्थ लागतो तो मधल्या थांब्यांवर. ही उडी घडवणाऱ्या पेशी मस्तिष्कस्तंभात असतात. वाडिया-स्वामींच्या कुटुंबांत त्या पेशींपर्यंत रोग पोहोचला होता, हे त्या संथ नजरेचे कारण.

या निरीक्षणासाठी डोळ्याचा तळ उजळणारे कोणतेही यंत्र पुरेसे नव्हते. डोळ्यात काही साचले नव्हते, सुजले नव्हते, फुटले नव्हते. स्थिर चित्रात हा रोग दिसलाच नसता. तो दिसायचा तर रोग्यासमोर बसून त्याला इकडे बघा, तिकडे बघा असे सांगावे लागते आणि त्याची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईस्तोवर वाट पाहावी लागते. आणि एका रोग्यावर भागत नाही; त्याचे वडील कसे चालत, आत्याला हे कितव्या वर्षी सुरू झाले, हे विचारावे लागते. वंशावळ ही रक्ताच्या तपासणीतून निघत नसे. ती बोलण्यातून निघे. 1996मध्ये जगातील तीन गटांनी या विकाराचे जनुक शोधले. बाराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा प्रमाणाबाहेर पुन्हा पुन्हा येतो. पिढीगणिक ही पुनरुक्ती वाढण्याकडे कल असतो, आणि त्यामुळे रोग मुलांना वडिलांपेक्षा लवकर गाठतो. 1998मध्ये वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रेन’मध्येच सहा भारतीय कुटुंबांचा अभ्यास मांडला आणि संथ नजर ही या जनुकदोषाची ओळख पटवण्यास किती उपयोगी आहे, हे दाखवून दिले. सत्तावीस वर्षांपूर्वी नुसत्या निरीक्षणाने वेगळी काढलेली गोष्ट जनुकाने मान्य केली. डॉ. वाडिया यांना 2012मध्ये पद्मभूषण मिळाले. 2016मध्ये त्यांचे निधन झाले. त्या नऊ कुटुंबांविषयी आपल्याला एवढेच माहीत असते की ती नऊ होती.

ज्या वर्षी तो निबंध आला त्याच वर्षी मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ होती. ही साथ 1969मध्ये आफ्रिकेत घाना देशात प्रथम दिसली. माणूस चंद्रावर उतरण्याचे ते वर्ष, म्हणून तेथे तिला ‘अपोलो रोग’ हे नाव पडले. दोन वर्षांत ती आशियात पोहोचली. बंगालमध्ये ती 1971च्या निर्वासितांच्या लोंढ्याबरोबर गाजली आणि लोकांनी तिला ‘जय बांगला’ म्हटले. रोगांना लोक जी नावे देतात त्यांत त्या वर्षाचे वृत्तपत्र वाचता येते. महाराष्ट्रात लोक म्हणत : डोळे आले, एवढेच. डोळे लाल होत, सुजत, पांढऱ्या भागात रक्त साकळे, आणि आठवड्याभरात सारे निवळे. घातक असे त्यात काही दिसत नव्हते.

जे. जे. रुग्णालयात मात्र मेंदुविकार विभागात काही प्रौढ रोगी येऊ लागले, ज्यांचे पाय अचानक लुळे पडले होते. कंबरेत आणि पायांत कळा, मग स्नायूंची शक्ती जाणे. बहुधा एक पाय दुसऱ्याहून अधिक. चित्र पोलिओसारखे होते. पण पोलिओ हा प्रामुख्याने बालकांचा रोग, आणि ही तर मोठी माणसे होती. 1972मध्ये वाडिया, पी. एफ. इराणी आणि एस. एम. कात्रक यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या नव्या नेत्ररोगाच्या मज्जासंस्थेतील उपद्रवांची नोंद केली; 1973मध्ये त्यांचा दुसरा निबंध आला. 1981मध्ये मुंबईत साथ पुन्हा आली तेव्हा पुन्हा असे रोगी दिसले आणि त्यांचाही अभ्यास झाला. या साथीचा विषाणू जपानमध्ये वेगळा करण्यात आला होता आणि त्याला एंटेरोव्हायरस 70 हा क्रमांक मिळाला होता. पोलिओचा विषाणू ज्या कुळातला, त्याच कुळातला हा. हा उपद्रव अतिशय विरळ होता, डोळे आलेल्या दहा हजारांत एखाद्याला किंवा त्याहूनही कमी लोकांना. पण ज्या साथीत लाखो लोकांचे डोळे येतात तिच्यात विरळ म्हणजे शून्य नव्हे.

आमच्या मते या प्रकरणाचा सारा गाभा एका साध्या गोष्टीत आहे. पायांतली शक्ती जाण्यापूर्वी डोळे बरे झालेले असत. दोहोंमध्ये काही दिवसांचे, पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांचे अंतर असे. रोगी रुग्णालयात येई तेव्हा त्याचे डोळे पांढरेशुभ्र असू शकत. म्हणजे डोळ्यांची साक्ष डोळ्यांत शिल्लक नव्हती. ती रोग्याच्या आठवणीत होती. हेल्महोल्ट्झचे यंत्र लावून ती दिसली नसती, कोणत्याही कॅमेऱ्याने टिपली नसती. ती विचारूनच मिळणार होती. पाय लुळा पडलेल्या माणसाला तीन आठवड्यांपूर्वीचे डोळे आठवून सांगावेसे वाटेल, असे गृहीत धरता येत नाही. त्याच्या दृष्टीने ती दोन प्रकरणे निराळी. ती एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत, हे ऐकणाऱ्याला सुचावे लागते. कथनमीमांसा शिकवताना आपण घटनाक्रम आणि कथानक यांत फरक करतो : डोळे आले आणि मग पाय गेले हा घटनाक्रम, डोळे आले म्हणून पाय गेले हे कथानक. 1971-72मध्ये मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयात हा ‘म्हणून’ सापडला. बाहुलीच्या प्रकरणात ज्या रोग्याच्या शब्दावर वैद्यकाने अविश्वास दाखवला होता, त्याच्याच शब्दावर हा शोध उभा आहे.

आता वर्तमानाकडे. मधुमेहाने दृष्टिपटलावर होणारे बदल व्हिएन्नाचे एडुआर्ड येगर यांनी 1850च्या दशकाच्या मध्यावरच वर्णिले होते. पण फॉन ग्रेफेंसारख्यांनाही ते सहजी पटले नव्हते. 1922पासून इन्शुलिन मिळू लागले, मधुमेही दीर्घकाळ जगू लागले, आणि मगच हे बदल सर्रास दिसू लागले. भारतात 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासाने मधुमेहींची संख्या सुमारे 10 कोटी 10 लाख असल्याचे सांगितले. त्याआधी, 2015 ते 2019 या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील मधुमेहींपैकी 16.9 टक्के लोकांच्या दृष्टिपटलावर मधुमेहाच्या खुणा आढळल्या होत्या.

या रोगाने ‘दर्शना’लाही चकवले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. येथली बाळे इंग्लंडातल्या बाळांहून वजनाने पुष्कळच कमी, पण शरीरातील चरबी त्या मानाने जपलेली, असे त्यांना दिसले. 2004मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचेच छायाचित्र छापले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. पाहणाऱ्याच्या नजरेला दोघे सारखेच सडपातळ. आपल्या औद्योगिक पट्ट्यात, चाकणपासून भोसरीपर्यंत, पाळ्यांमध्ये काम करणारा सडपातळ माणूस स्वतःला मधुमेह होईल असे मानत नाही, याचे मूळ या नजरेच्या फसगतीत आहे. दुसरी फसगत डोळ्यांच्या तपासणीतली. भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ वाचता आली की डोळे चांगले, असे आपण समजतो. हर्मान स्नेलेन यांनी 1862मध्ये तयार केलेला तो तक्ता माणसाला किती दिसते ते सांगतो. त्याच्या डोळ्याच्या तळाशी काय चालले आहे ते सांगत नाही. मधुमेहाने दृष्टिपटल बिघडू लागले तरी बराच काळ तक्ता पुरता वाचता येतो.

यावर यंत्राने नवा उपाय काढला आहे. 2016मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दृष्टिपटलाच्या 1,28,175 छायाचित्रांवर संगणकाला शिकवून मधुमेहाच्या खुणा ओळखायला लावले; त्याच्या तपासणीत मदुराईच्या अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालय या संस्थांचा सहभाग होता. 2019मध्ये डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी मुंबईतील महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाइलला जोडलेला कॅमेरा आणि इंटरनेटविना चालणारी संगणकीय परीक्षा यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 2018च्या आणखी एका संशोधनात तर दृष्टिपटलाच्या छायाचित्रावरून माणसाचे वय, तो स्त्री की पुरुष, धूम्रपान करतो की नाही, याचाही अंदाज यंत्राने बांधला. पार्किन्सन आणि अल्झायमर यांसारख्या मेंदूच्या विकारांत दृष्टिपटलातील मज्जातंतूंचा थर पातळ होतो काय, याचा शोध सुरू आहे. निदानाची खात्रीची वाट म्हणून तो अजून स्वीकारला गेलेला नाही.

या यंत्रांचे आम्ही स्वागत करतो. नेत्रतज्ज्ञापर्यंत कधीच न पोहोचणाऱ्या माणसाचे डोळे वस्तीतल्या दवाखान्यात तपासले जाणे ही लहान गोष्ट नव्हे. त्याने अंधत्व टळते. आमची शंका वेगळी आहे. ज्याच्या डोळ्यांवरून वय, लिंग आणि धूम्रपानही कळते त्याला काही विचारण्याची गरज उरत नाही, असा समज दृढ होऊ शकतो. ज्या दवाखान्यात एका रोग्याला दोन-चार मिनिटे मिळतात तेथे हा समज सोयीचाही ठरेल. आपण वर पाहिलेल्या उदाहरणांचा साक्षीपुरावा मात्र उलट बाजूने जातो. पितळी पातेले छायाचित्रात दिसले नसते. आत्याची डगमगती चाल छायाचित्रात दिसली नसती. निवळून गेलेले डोळे छायाचित्रात निवळलेलेच दिसले असते.

2023च्या पावसाळ्यात आळंदी आणि परिसरात डोळे येण्याची साथ पसरली. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे गेले. 1971चा तो विषाणू अलीकडच्या साथींत फारसा आढळत नाही; त्याची जागा बहुतांशी त्याच्याच कुळातील दुसऱ्या एका विषाणूने घेतली आहे. तरीही अशा प्रत्येक साथीनंतर पायांत अशक्तपणा घेऊन येणाऱ्या माणसाला ‘महिन्याभरात डोळे आले होते का?’ एवढे विचारले जावे, ही वाडिया, इराणी आणि कात्रक यांच्या कामाची शिकवण आहे. आणि रोग्याला त्याचे उत्तर स्वतःच्या भाषेत देता आले पाहिजे. ‘डोळे आले’ हे दोन शब्द ऐकणाऱ्याला कळले पाहिजेत. चाकणच्या कारखान्यांत आज देशाच्या अनेक भाषांतले कामगार आहेत. त्यांपैकी प्रत्येकाकडे या आजारासाठी स्वतःचा शब्द असेल. तो शब्द डॉक्टरपर्यंत पोहोचणे हा वैद्यकाचा जितका प्रश्न आहे तितकाच भाषेचा आहे. भाषेच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी त्याकडे परका विषय म्हणून पाहू नये, इतकेच आम्हांला सुचवावयाचे आहे.